दोन बादल्या खडी आणि कुपीभर नीलम : फिलिप्सबर्ग, मोंटाना

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात फिलिप्सबर्ग नावाचं छोटं गाव आहे. तिथे नीलमाची खडी बादलीच्या हिशेबाने विकत मिळते. पैसे भरले की खाणीकडून आणलेल्या माती-गोट्यांची बादली तुमच्यापुढे येते, सोबत जाळीची चौकोनी चाळणी, चिमटा आणि झाकणाची छोटी कुपी. समोर वाहत्या पाण्याचा हौद. धुवायचं, शोधायचं, सापडेल ते आपलं. यंदा उन्हाळ्यात वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनला लेकीकडे आले होते. जावयांनी विचारलं, "आई, सुट्टीत कुठे जायचं?" मी हेच नाव घेतलं.

निकाल आधी सांगते. ज्यांना रत्नांची, खाणींची किंवा पुरलेल्या धनाच्या गोष्टींची ओढ आहे त्यांनी इथे जरूर जावं, मुलांना घेऊन जावं, निदान अर्धा दिवस मोकळा ठेवून जावं. ज्यांना यातून पैसा उभा राहील असं वाटतं त्यांनी ती रक्कम सराफाकडे नेऊन वळं घ्यावं. ही दोन्ही वाक्यं मी मनापासून लिहिते आहे, आणि एकाने दुसरं खोटं ठरत नाही.

मी कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत वाढले. आमची पेढी होती. मुलगी म्हणून अण्णांनी मला मागे ठेवलं नाही. कसोटीवर रेघ ओढून सोन्याचा कस सांगायला मी शाळेत असतानाच शिकले. खड्यांच्या बाबतीत मात्र अण्णांचा दंडक कडक होता. मोडीला आलेल्या दागिन्यातले खडे काढून गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायचे, उरलेलं सोनं तोलायचं, घट धरायची आणि पैसे मोजायचे. खड्याला भाव नाही. ते खडे रुमालाच्या टोकाला गाठ मारून परत नेणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत. घेताना त्याच खड्यांचे पैसे त्यांनी पुरेपूर मोजलेले असायचे.

आणि खजिन्यांच्या गोष्टी ऐकाव्यात तर तिथे सगळं उलटं. पळणारा सरदार, लुटारू, सरहद्दीवरचा सोने-शोध्या, कोणीही असो, शेवटी त्याच्या कमरेच्या थैलीत मूठभर रत्नं असतात आणि त्या मुठीत राज्य विकत घ्यायची ताकद असते. अण्णांचा तराजू खरा की ही मूठ खरी, हा प्रश्न माझ्या मनात लहानपणापासून आहे. मोंटानाला जायचं कारण तेच. सोन्यासाठी आलेल्या माणसांनी नीलम फेकून दिले, ती जागा हीच.

आता सेवेबद्दल. मिझुलाहून गाडीने सव्वा-दीड तासात गावात पोहोचतो. वस्ती हजाराच्या आत, मुख्य रस्त्यावर चांदीच्या दिवसांतल्या विटांच्या इमारती, ठसठशीत रंगवलेल्या. नीलमाचे साठे गावाच्या पश्चिमेला डोंगरात, रॉक क्रीकच्या बाजूला आहेत. तिथेही जाऊन धुता येतं, पण आम्ही गावातल्याच दुकानात बसलो, कारण नातू लहान आणि ऊन कडक. आम्ही दोन बादल्या घेतल्या. एक माझी, एक लेक आणि नातू यांच्यात.

चाळणीत खडी ओतायची, हौदात बुडवून आधी चिखल सोडवायचा. मग खरं काम. चाळणी पाण्यात वर-खाली हिसकायची, थोडी फिरवायची, पुन्हा हिसकायची. नीलम पाण्याच्या चौपट जड, साधी गारगोटी अडीच पट आणि थोडी वर. एवढ्याशा फरकाने जड खडे हळूहळू तळाशी, मधोमध गोळा होतात. मग चाळणी एका झटक्यात टेबलावर पालथी घालायची. तळातलं वर येतं आणि ढिगाच्या मधोमध ओले नीलम काचेसारखे चमकतात. गुजरीत झारेकरी पहाटे गल्ली झाडून नेत, सोनारांच्या दारातली धूळ पाण्यात खेळवून त्यातून सोन्याचे कण काढत. हातांची ती लय मला इथे जशीच्या तशी दिसली, आणि मला ती कोणी शिकवावी लागली नाही.

तिथली कामाला असलेली मुलगी मात्र शिकवण्यात वाकबगार होती. कॉलेजात भूशास्त्र शिकणारी, सुट्टीत काम करणारी. पहिल्या झटक्यात लेकीची चाळणी तिरकी पालथी झाली आणि सगळं विस्कटलं, तेव्हा तिने न कंटाळता पुन्हा भरून दाखवली. प्रत्येक ढीग आम्ही निवडून झाल्यावर ती स्वतः नजर फिरवायची आणि राहिलेला खडा बोटाने दाखवायची. उचलायला आम्हालाच लावायची. नातवाने तांबूस गार्नेट उचलून "आजी, माणिक!" म्हणून आरोळी दिली, तर तिने त्याला भिंग दिलं आणि दोन्हींतला फरक बघायला लावला. एवढा धीर पैसे देऊन मिळत नाही. या बाबतीत पैकीच्या पैकी गुण.

निघालं काय? निळ्याची अपेक्षा ठेवून जाणाऱ्यांनी आधीच ऐकून ठेवावं: रॉक क्रीकचे खडे बहुतेक फिकट असतात. पोपटी, समुद्री हिरवे, पिवळसर, राखाडी, क्वचित गुलाबी. गडद निळा जवळजवळ नाहीच. माझ्या कुपीत सगळे मिळून वीसेक कॅरट जमले, त्यातले बहुतेक तांदळाच्या कणीएवढे. एक सव्वादोन कॅरटचा, हिरवट निळा, आत एक पिसासारखी रेघ. कोल्हापूरच्या काकूंना फोटो पाठवला तर त्यांचा पहिला प्रश्न, नीलम लाभतो का ते बघितलंस का. शनीचा धसका आपल्याकडे एवढा की घरात नीलम ठेवायला लोक कचरतात. त्यांना सांगितलं, हा हिरवा आहे, निर्धास्त राहा.

इथे आता ज्यासाठी मी आले ती गोष्ट.

मोंटाना राज्याच्या मुद्रेवर ब्रीदवाक्य आहे ते स्पॅनिश भाषेत: 'ओरो इ प्लाता'. सोनं आणि चांदी. १८६० च्या दशकात इथे जे लोक आले ते याच दोन गोष्टींसाठी. १८६५ मध्ये हेलेनाजवळ मिसूरी नदीच्या वाळूत नीलम सापडल्याची नोंद आहे, पण सोनं धुणाऱ्यांच्या लाकडी पन्हाळीत हे जड खडे सोन्याबरोबर अडकून बसत आणि जागा अडवत, म्हणून ते उचलून बाहेर भिरकावले जात. किती गेले त्याचा हिशेब कोणाकडेच नाही.

मग मोंटानातल्याच योगो ओढ्याची गोष्ट. जेक हूवर नावाचा शिकारी आणि सोने-शोध्या. त्याने आणि भागीदारांनी १८९५ च्या हंगामात योगो ओढ्यावर सोनं धुतलं आणि हाती लागलं साधारण ७०० डॉलरचं सोनं. तेव्हा सोन्याचा सरकारी भाव औंसाला २०.६७ डॉलर होता, म्हणजे आपल्या हिशेबात जेमतेम नव्वद तोळे. एवढ्या मेहनतीला, एवढ्या माणसांत, काहीच नाही. पन्हाळीत अडकणारे निळे खडे हूवरने मात्र सिगारच्या डब्यात जमवून ठेवले होते. तो डबा शेवटी न्यूयॉर्कला टिफनीच्या पेढीवर, जॉर्ज कुन्झ यांच्यापुढे पोहोचला. कुन्झ म्हणजे त्या काळचे अमेरिकेतले अव्वल रत्नपारखी. परतटपाली धनादेश आला: ३,७५० डॉलर. सोन्यात मोजले तर साडेपाच किलोंच्या वर, पावणेपाचशे तोळ्यांहून जास्त. आणि सगळं सिगारच्या एका डब्यात, टपालाने गेलेलं.

ही गोष्ट वाचून कोणीही म्हणेल, बघा, रत्नंच श्रेष्ठ. मलाही तिथे हौदाशी उभं राहून क्षणभर तसंच वाटलं. पण थोडं थांबून बघा. मोंटानात हूवरच्या आजूबाजूला दुकानदार होते, सावकार होते, दारूचे गुत्ते होते. तिथे चिमूटभर सोन्याच्या भुकटीवर जेवण मिळत होतं. निळ्या खड्यांवर भाकरीचा तुकडाही मिळाला नसता. त्या डब्याची किंमत तीन हजार किलोमीटर पलीकडे, एका माणसाच्या डोळ्यात होती. तो माणूस नसता तर डब्यात गोटे होते.

आणि तो डोळासुद्धा नेहमी मिळतोच असं नाही. १८७२ मध्ये फिलिप आर्नोल्ड आणि जॉन स्लॅक या चुलतभावांनी सान फ्रान्सिस्कोच्या बड्या भांडवलदारांना पश्चिमेच्या ओसाड रानात हिऱ्यांची खाण दाखवली. हिरे, माणकं, नीलम, सगळं एकाच पठारावर, मुंग्यांच्या वारुळांतसुद्धा. नमुने टिफनीकडे गेले आणि त्यांची किंमत दीड लाख डॉलर सांगितली गेली. प्रत्यक्षात ते खडे लंडनहून आणून जमिनीत पेरलेले होते, बहुतेक हलक्या प्रतीचे. क्लॅरन्स किंग या भूमापकाने त्याच वर्षी जागेवर जाऊन उकल केली: जिथे जमीन उकरलेली, तिथेच खडे, शेजारच्या न हललेल्या मातीत एकही नाही. तीच टिफनी, तेवीस वर्षांच्या अंतराने एकदा फसलेली आणि एकदा अचूक. मधल्या काळात कुन्झ तिथे आले, एवढाच फरक. कच्च्या हिऱ्यावर नजर बसलेला माणूस १८७२ मध्ये त्यांच्याकडे नव्हता. सोन्यातही खाणी पेरून फसवणूक झालेली आहे, पण हातात आलेल्या सोन्याला कसोटीचा दगड आणि तेजाब गावोगाव होतं. खड्याला तशी कसोटी सरहद्दीवर कुठून आणणार?

लोककथांनीही हे ओळखलंय, नीट वाचलं तर. व्हर्जिनियात बील नावाच्या माणसाने पुरला असं म्हणतात तो खजिना घ्या. १८८५ मध्ये छापलेल्या पुस्तिकेत तीन सांकेतिक मजकूर आहेत. त्यातला एकच उलगडला, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातल्या शब्दांना क्रमांक देऊन. त्यात पुरलेल्या मालाची यादी आहे: दोन खेपांत मिळून २,९२१ पौंड सोनं, ५,१०० पौंड चांदी, आणि १३,००० डॉलरची रत्नं. ही रत्नं कुठून आली तेही लिहिलंय: सेंट लुईसमध्ये चांदी देऊन घेतली, वाहतुकीचा त्रास वाचावा म्हणून. हा सगळा खजिना बनावट असावा असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे आणि मलाही तसंच वाटतं. पण ज्याने ही यादी रचली त्याला ओझ्याचा हिशेब कळत होता. त्या काळच्या भावाने १३,००० डॉलरची चांदी तीनशे किलोंच्या वर भरते, म्हणजे तीन खेचरांचं ओझं. त्याजागी एक पुडकं. मग सगळंच का नाही बदललं? हजारांवर किलो सोनं आणि त्याच्या पावणेदोन पट चांदी तशीच का ओढत नेली? गोष्ट रचणाऱ्यालाही उत्तर ठाऊक असावं. खडे फक्त सेंट लुईससारख्या बाजारात मिळतात आणि तशाच बाजारात विकतात. निम्म्या वाटेवर ते खर्चता येत नाहीत. म्हणून शहाणा माणूस थोडं ओझं खड्यांत बदलतो आणि बाकीचं धातूत ठेवतो.

मोंटानाच्या स्वतःच्या दंतकथेत तर रत्नाचा खडाही नाही. बॅनकचा शेरीफ हेन्री प्लमर याला जागल्यांनी, म्हणजे कायदा हाती घेतलेल्या लोकांनी, १० जानेवारी १८६४ ला फासावर दिलं. लुटारूंच्या टोळीचा म्होरक्या तोच, असा आरोप. तेव्हापासून त्याने पुरलेल्या सोन्याच्या गोष्टी चालू आहेत. सोनंच, कारण वाटेत लुटायला सोनंच होतं. नीलम मोंटानाच्याच ओढ्यांत पडून होते. ते ना कोणी लुटले, ना पुरले.

आपल्याकडची आठवण यावी हे साहजिक आहे. बिठूरला १८५७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी विहीर उपसून सोन्याचांदीची भांडी बाहेर काढली. जड होतं ते विहिरीत राहिलं. नानासाहेब तराईत, नेपाळच्या हद्दीत गेले, आणि पेशव्यांचा नवलखा हार जंगबहादूर राण्यांच्या हाती पडला. रत्नांनी आपलं काम चोख केलं होतं: सरहद्द ओलांडली. पण पलीकडे गिऱ्हाईक एकच, आणि विकणाऱ्याच्या मागे फौज. अशा वेळी भाव कोण ठरवतो ते सराफाच्या घरात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. बांगडी असती तर तिचा तुकडा मोडून बाजारात कुठल्याही सोनाराला देता आला असता. हार तोडला की तो नवलखा राहत नाही. त्र्यंबकेश्वरच्या देवळातला नाशिकचा हिरा १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला तेव्हा नव्वदेक कॅरटचा होता. परदेशी कारागिरांनी पैलू बदलत बदलत तो ४३.३८ कॅरटवर आणला. सोनं वितळवलं तर वजन राहतं. हिऱ्याचं निम्मं अंग धुळीत जातं आणि तरी त्याचं नाव पुसत नाही, लपवणाऱ्याला तर तेही अडचणीचं.

धातूची बाजू मी अशी मांडते म्हणून ती निर्दोष समजू नका. फिलिप्सबर्गच्या वर डोंगरात ग्रॅनाइट नावाचं ओस पडलेलं गाव आहे, तेही याच फेरीत बघा. चांदीच्या खाणीवर तीनेक हजारांची वस्ती उभी राहिली होती. १८९३ मध्ये अमेरिकन सरकारने चांदीची ठरावीक खरेदी बंद केली, भाव कोसळला, खाण थांबली, आणि लोक हाताला येईल ते घेऊन डोंगर उतरले. खाणकामगारांच्या सभागृहाच्या दगडी भिंती अजून उभ्या आहेत, झाडं आतून वर आली आहेत. रस्ता कच्चा आणि खड्ड्यांचा आहे, उंच गाडी असेल तरच जा. चांदी तीच होती, कसही तोच, घेणारा हटला. म्हणजे पारखी फक्त खड्यालाच लागतो असं नाही, धातूलाही घेणारा लागतो. सोन्याचं एवढंच की त्याचा घेणारा जगात सगळीकडे सापडतो.

परत दुकानात. धुऊन झालं की खडे काउंटरवर द्यायचे. ते वजन करतात, पैलू पाडण्याजोगे वेगळे काढतात आणि तापवून हवेत का विचारतात. तापवणं म्हणजे भट्टीत सोळाशे अंशांच्या वर नेणं. त्याने फिकट खड्यांचा रंग उघडतो, काही निळे होतात, काही पिवळे, काहींवर परिणामच होत नाही. रॉक क्रीकच्या मालाला हे जवळजवळ लागतंच. योगोचा नीलम मात्र जन्मतःच निळा, त्याला आच लागत नाही, म्हणून त्याचा मान वेगळा. पण तो खडकाच्या पट्ट्यात रुतलेला असतो आणि बहुतेक बारीक निघतो. तो पट्टा १८९६ मध्ये जिम एटियन नावाच्या मेंढपाळाने शोधला, गोफर नावाच्या घुशीसारख्या प्राण्याची बिळं एका सरळ रेषेत बघून. माणसाने मान वर करून डोंगराकडे बघितलं, सोन्याच्या ओढ्याकडे नाही, म्हणून त्याला सापडलं. मला ही बाब फार आवडली.

मी सव्वादोन कॅरटचा तेवढा एक खडा तापवायला आणि कापायला दिला. इथे माझी तक्रार आहे. काउंटरवरच्या दुसऱ्या माणसाने सांगितलेली मुदत उलटून बरेच आठवडे गेले तरी खडा आला नाही आणि विचारणा केली की दर वेळी नवं उत्तर. कापणी परदेशात होते, हे पैसे भरल्यावर कळलं. आधी सांगायला हवं होतं. आला तेव्हा पाऊण कॅरटच्या आत, काम स्वच्छ, कंबर म्हणजे खड्याची मधली कडा सरळ, रंग मोराच्या पिसातला हिरवा-निळा. पैलू पाडताना कच्च्या खड्याचं दोन तृतीयांश अंग जाणं या धंद्यात नेहमीचं आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं मुदतीबद्दल आहे आणि आणखी एका गोष्टीबद्दल.

ती म्हणजे भिंतीवरचा फलक. त्यावर 'गुंतवणूक' असा शब्द ठळक होता. शेजारच्या हौदावर एक तरुण जोडपं त्या भरवशावर बादल्यांमागून बादल्या घेत होतं. मला ते बघवलं नाही. खडी, तापवणं, कापणं, टपाल, सगळं धरून माझ्या पाऊण कॅरटला जो खर्च आला तेवढ्यात तयार पैलूदार मोंटाना नीलम दुकानाच्या काचेच्या कपाटात मिळत होता, थोडा मोठाच. आणि विकायला गेले तर मला त्यातलं किती परत मिळेल? तोच सौदा, तोच रुमाल, तीच गाठ. त्यातून गेल्या शतकात आणखी एक गोष्ट झाली: १९०२ मध्ये ऑग्युस्त वर्नुईल यांनी भट्टीत माणिक तयार करायची रीत जाहीर केली, आणि पुढे नीलमही तसाच बनू लागला. मोंटानाचे बारीक खडे घड्याळांत बेअरिंगसाठी जात, तो बाजार त्याने पार बसला. सोनं अजून कोणाला भट्टीत स्वस्तात बनवता आलेलं नाही. या गोष्टी न सांगता 'गुंतवणूक' लिहिणं मला योग्य वाटत नाही. आनंद विकताय तर आनंद म्हणून विका. तो माल अस्सल आहे आणि त्याचे पैसे मी खुशीने दिले.

लेकीने तिच्या कुपीतले खडे कापायला दिलेच नाहीत. नातवाने ते एका बशीत पाण्यात ठेवले आहेत, कारण ओले छान दिसतात. त्याला मी रोज एक खडा उजेडापुढे धरून काय दिसतं ते सांगायला लावते: रेघ आहे का, रंग एका टोकाला जास्त आहे का, कडा झिजलेल्या की धारदार. वाळूतून गडगडत आलेला खडा गोलसर असतो, ते त्याला आता न सांगता ओळखता येतं. सराफीत कसोटी मला अशीच शिकवली गेली, रोज थोडी.

जाणाऱ्यांसाठी थोडं. उन्हाळ्याच्या सुट्टीत शनिवार-रविवारी हौदावर जागा मिळायला थांबावं लागतं, मधल्या वारी सकाळी जा. डोंगरातलं धुण्याचं ठिकाण हिवाळ्यात बंद असतं. पाणी गार असतं, बोटं बधिर होतात, रबरी हातमोजे बरोबर ठेवा. चाळणीची पकड मात्र त्याने थोडी ढिली होते. स्वतःचं दहापट भिंग असेल तर न्या. पाठ दुखणाऱ्यांनी उंच हौद मागून घ्यावा, असतो. एका माणसाला एक बादली पुरे. दुसरीत निवडण्याचा धीर संपतो आणि चांगला खडा खडीबरोबर फेकला जातो. तापवायला किंवा कापायला देणार असाल तर चार गोष्टी आधी लेखी घ्या: प्रत्येक खड्याचं कच्चं वजन, कापणी कुठे होणार, मुदत, आणि भट्टीत तडा गेला तर भरपाई कोणाची.